वाऱ्याने न उडणारी रांगोळी

मी फटकळ आहे. सासूने लग्नानंतर महिन्याभरातच निदान करून टाकलं होतं, की हिच्या तोंडाला झाकण नाही. भाजीवाला मापात मारताना दिसला की चारचौघांत त्याची उतरवायची, कुणाच्या सुनेला कुणी छळत असेल तर त्यांच्या दारात जाऊन विचारायचं, हे मी आजवर करत आले. मनात ठेवून वागणं मला जमत नाही. अशी बाई आयुष्यात एकदाच गप्प बसली, साडेसात महिने. ते साडेसात महिने माझ्या मागे लागलेत, म्हणून लिहायला घेतलं.

नगरच्या एमआयडीसीच्या मागे, डांबरी रस्ता संपून मुरूम लागतो तिथे, पाच खोल्यांची एक ओळ होती. वर पत्रा, खाली कोबा, पुढे हातभर रुंदीचा ओटा. लग्न होऊन मी घोडेगावहून त्या ओळीतल्या दुसऱ्या खोलीत आले. नवरा प्लास्टिकचे पाइप करणाऱ्या कारखान्यात मिक्सिंगला होता. मिक्सिंग म्हणजे पाइप ओतण्याआधी सगळ्या भुकट्या एका मोठ्या हंड्यात घालून तापवायच्या आणि घुसळायच्या. त्यात प्लास्टिकची भुकटी, खडूची भुकटी, रंग, आणि आणखी एक पांढरी पावडर असायची. ती नसली तर भट्टीच्या उष्णतेत प्लास्टिक करपतं, असं नवरा सांगायचा. तिचं खरं नाव गोणीवर इंग्रजीत होतं. कामगार तिला नुसतं ‘पावडर’ म्हणत. आमच्या पाच खोल्यांपैकी तीन खोल्यांतले पुरुष मिक्सिंगलाच होते.

नवरा पहिल्या पाळीहून दुपारी साडेतीनला घरी यायचा तो पांढराफटक होऊन. भुवया पांढऱ्या, कानाच्या पाळ्या पांढऱ्या, पापण्यांचे केससुद्धा. मी त्याला चिडवायचे, की पिठाच्या गिरणीत नोकरी धरली असती तर निदान भाकरीपुरतं पीठ तरी आलं असतं. तो दारातून मोरीपर्यंत चालत गेला की काळ्या कोब्यावर पांढरी पावलं उमटायची. मी ओल्या फडक्याने पुसून घ्यायचे. ओल असेपर्यंत कोबा स्वच्छ काळा दिसायचा, आणि वाळला की तीच पावलं परत दिसायची, तितकीच, तिथेच. नव्याने आले तेव्हा याचं मला हसू यायचं. पुढे नवरा कामावर गेलेला असताना, घरात मी एकटी असताना, दुपारी मोरीकडे जाणारी ती पावलं हळूहळू उमटताना दिसली की मी उठून ओट्यावर जाऊन बसायचे.

फुटलेल्या गोण्यांतली पावडर जमिनीवर सांडायची. ती परत हंड्यात घालत नसत, झाडून बाजूला टाकत. नवऱ्याने एकदा त्यातली थोडी दुधाच्या पिशवीत भरून आणली आणि म्हणाला, “बघ, रांगोळीला होती का.”

मला रांगोळीचा नाद होता, अजूनही हात चांगला आहे. बाजारातली रांगोळी खरखरीत असते, चिमटीतून सुटताना फिसकटते, आणि आमच्या माळावर वारा असा की आठ वाजेपर्यंत दारात नुसती धूळ उरते. ही पावडर चिमटीतून दोऱ्यासारखी सुटली. रेघ तुटली नाही, पसरली नाही. पिशवी मुठीएवढी होती, पण उचलताना हात चकला, इतकी जड. आणि वारा सुटला तरी ती जागची हलली नाही. संध्याकाळी पाहिलं तर कमळाच्या पाकळ्या सकाळी काढल्या तशाच. दुसऱ्या दिवशी मी त्यावरच दुसरं कमळ काढलं.

मग काय विचारता. पंधरा दिवसांत ओळीतल्या पाचही दारांत माझ्याच डब्यातली रांगोळी पडायला लागली. मी एकेकीला ठिपके शिकवले, एकेकीला डबा भरून दिला. दुसऱ्या वस्तीवरच्या बाया पाण्याला जाताना थांबून पाहायच्या. मला त्याची घमेंड होती. नवरा दर आठवड्याला पिशवी आणायचा, आणि ती आणली नाही तर मी फुगून बसायचे.

आमच्या ओळीत लहान मूल नव्हतं. आधी हे माझ्या लक्षात आलं नाही, कारण सगळी जोडपी तरुण होती. मग मला पहिले दिवस गेले आणि तिसऱ्या महिन्यात सगळं वाहून गेलं. पुढच्या वर्षी दुसऱ्यांदा, पाचव्या महिन्यात. शेवटच्या खोलीतल्या बाईचं लग्न होऊन आठ वर्षं झाली होती आणि तिचं चार वेळा असंच झालं होतं. माझ्या लगतच्या खोलीत पाथर्डीकडचं जोडपं होतं. त्यांच्या घरचे सगळे दर दिवाळीनंतर ऊसतोडीला जायचे. हा मुलगा कोयता सोडून कारखान्यात लागला म्हणून बायको खूष होती, की आता आपलं मूल फडात, पाचटावर निजणार नाही. माझ्याहून सहा वर्षांनी लहान, सदा हसरी, मला ताई म्हणायची. तिचंही एक गेलं होतं.

दुपारी बारा-एकच्या सुमाराला त्या ओळीत अशी शांतता पसरायची की पत्रा तापून कडकड वाजलेला ऐकू यायचा. कुठे मूल रडत नाही, कुणी कुणाला निजवत नाही. मांजर व्याली ती आमच्या पायरीखाली. पिल्लं चार दिवस दिसली, मग एकेक करून थंड पडली. शेजारणीने पाथर्डीहून तीन कोंबड्या आणल्या होत्या. त्या दारातल्या रांगोळीचे ठिपके टिपायच्या आणि आम्ही हसत त्यांना हाकलायचो. महिन्याभरात एकीची मान लुळी पडली. दाण्यासाठी ती मान उचलायची, आणि मान पुन्हा जमिनीला टेकायची. शेवटी ती आमच्या दारात एका जागी उभी राहिली, मान खाली घालून, दिवसभर. शेजारणीने तिला उचललं तेव्हा ती पिसासारखी हलकी झाली होती.

ओळीत रोज येणाऱ्या भाजीवालीने छडा लावला. खोल्यांच्या मागे जिथे आता बाभळी आहेत, तिथे पूर्वी विहीर होती. मालकाने मुरूम टाकून बुजवली. “इहिरीत आसरा हुत्या,” ती म्हणाली. “त्यास्नी न इचारता त्यांच्या डोक्यावर घरं बांदली. त्या पाळना हलू द्यायच्या न्हाईत.” आसरा म्हणजे पाण्यातल्या सात बहिणी. आमच्याकडे विहिरीच्या काठी सात दगडांना शेंदूर लावून त्यांना पुजतात, आणि बाळंतिणीला भर दुपारी विहिरीकडे जाऊ देत नाहीत. मी एरवी अशा गोष्टींना उडवून लावणारी. पण दोन वेळा हात पोटावर ठेवून घरी परत आलेल्या बाईला कुणी कारण दिलं तर ती ते हातात घेते. मीही घेतलं.

त्याच वर्षी मला तिसऱ्यांदा दिवस गेले, आणि महिन्याच्या फरकाने शेजारणीलाही. माझा चौथा महिना, तिचा तिसरा चालू असताना आम्ही आसरांची पूजा घातली. शुक्रवारी, टळटळीत दुपारी. शेंदूर लावलेले सात दगड मांडले, हिरव्या बांगड्या ठेवल्या. प्रत्येक दगडापुढे मी रांगोळीचा चौकोन काढला, चांगला जाड, पावडर हात आखडून न वापरता. त्या चौकोनांवर पळसाच्या पानाच्या तुकड्यांत दहीभाताचे सात मुटके ठेवले. वारा होता, पानं उलटत होती, भात रांगोळीत लवंडत होता; रांगोळी तेवढी हलत नव्हती. शेजारणीने हात जोडले आणि म्हणाली, “बायांनो, आमचं काय चुकलं आसंल तर पदरात घ्या, पर ह्या बारीला लेकरू ऱ्हाऊ द्या.” मग आम्ही दोघींनी तो दहीभात प्रसाद म्हणून खाल्ला. दाताखाली कचकचलं. दगडाची कच असेल म्हणून आम्ही गिळून टाकला.

नवऱ्याची तब्येत तोवर वर्षभर बिघडतच होती. आधी शौचाला होईना. मग पोटात अशा कळा यायच्या की तो पोटाखाली उशी घेऊन पालथा पडायचा आणि उशीचं टोक चावायचा. जेवणाला चव नाही, तोंडात सारखा पैसा चोखल्यासारखं लागतं म्हणायचा. चेहऱ्याचा रंग राखेसारखा झाला. आंघोळ केली तरी तो रंग जाईना, तेव्हा मला पहिल्यांदा त्याच्याकडे पाहायची भीती वाटली. वस्तीवरचा डॉक्टर गॅसच्या गोळ्या द्यायचा. मग त्याला शर्टाची बटणं लावता येईनात. एका सकाळी चहाची बशी ओठाजवळ नेली आणि उजवा हात मनगटातून एकदम खाली पडला. बशी फुटली. तो त्या हाताकडे, दुसऱ्या कुणाचा हात आपल्या मांडीवर पडला असावा तसा, पाहत राहिला.

त्या आठवड्यात माझे वडील भेटायला आले. वडील घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात बैलांची दलाली करायचे. जन्मभर दात बघून बैलाचं वय सांगितलं. माणसाशी बोलतानाही त्यांची नजर आधी तोंडात जाते, हे आम्हा घरच्यांना ठाऊक आहे. मी काहीतरी बोलले, नवरा हसला, आणि वडिलांनी हातातला पेला खाली ठेवला.

“जावईबापू, जरा त्वांड उघडा.”

“दादा,” मी ओरडले, “ते काय बैल हायेत?”

“बैल आसते तर मी घेतले नसते,” वडील म्हणाले, आणि सरळ उठून त्यांनी जावयाचा खालचा ओठ अंगठ्याने खाली केला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नवराही बिचारा बैलासारखाच उभा राहिला. वडिलांनी त्याला उजेडात नेलं. “हिकडं बघ. हिरडीच्या कडंला निळी रेघ हाय. सगळ्या दातांस्नी. मशेरीनं आशी येत न्हाई, तंबाकूनं न्हाई. आसलं मी एका बी जनावरात बघितलं न्हाई.” मग त्यांनी माझ्या डोळ्यांच्या खालच्या पापण्या ओढून पाहिल्या. आत लाली नव्हती. त्या दिवशी ते माघारी गेले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्हाला घेऊन नगरच्या मोठ्या डॉक्टरकडे गेले.

डॉक्टरने हिरडी पाहिली आणि नवऱ्याला दोन्ही हात समोर ताठ धरायला सांगितले. डावा हात थरथरत राहिला, उजवा मनगटापासून खाली लोंबला. “काम काय करता?” एवढंच विचारलं. रक्त पुण्याला पाठवलं, माझंही घेतलं. दहा दिवसांनी बोलावलं तेव्हा वडील गावी गेले होते, आम्ही दोघंच होतो.

“रक्तात शिसं आहे,” डॉक्टर म्हणाले. “यांच्या रक्तात खूप आहे, तुमच्याही आहे.”

शिसं म्हटलं की मला शिसपेन्सिलच आठवायची. मी तसं म्हणाले. ते म्हणाले, “पेन्सिलीत नसतं ते. पाइपाच्या पावडरीत असतं. यांचे कामाचे कपडे कोण धुतं?”

“मीच.”

“धुण्याआधी झटकता?”

झटकायचे. दारात उभी राहून, दोन हातांनी, वाऱ्याच्या बाजूला तोंड करून.

“पावडर घरात येते का?”

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, “रांगोळी काढतो आम्ही तिची.” डॉक्टर लिहायचे थांबले. कुठे काढता, किती वर्षं, हातांनीच का, सगळं विचारलं. मी सांगत गेले, पूजेतल्या दहीभातापर्यंत, आणि सांगता सांगता मला माझाच आवाज लांबून ऐकू यायला लागला. शिसं जड असतं, म्हणून ते वाऱ्याने हललं नाही. उडालं ते इतकं बारीक होतं की आम्हाला दिसलं नाही. ते म्हणाले, शिसं हाडांत जाऊन बसतं आणि वर्षानुवर्षं तिथे राहतं. पोटातलं बाळ आपली हाडं करायला आईच्या हाडांतून घेतं, त्याबरोबर हेही घेतं. याच्याने गर्भ पडतात. दूध-दही भरपूर खा, या गोळ्या घ्या, आणि आधी ती जागा सोडा.

“आमच्या शेजारणीला पण दिवस गेलेत,” मी म्हणाले.

“मग तिला आजच सांगा.”

आजच. हा शब्द त्यांनी वापरला, मला दुसरा कुठला ऐकू आला असं म्हणायला जागा नाही.

परत येताना मोटरसायकल मीच चालवत होते, नवरा मागे बसला होता, कारण त्याला ब्रेक दाबता येत नव्हता. अर्ध्या वाटेत तो कानाशी म्हणाला, “आठ दिवस कुणाला बोलू नको. ठेकेदाराकडून पॅकिंगला बदली घेतो, मग सांगू. आत्ता गलका झाला तर तो तिघांनाबी काढील.” हे कारण मी पुढे कितीतरी वेळा स्वतःला सांगितलं. ते खोटं नव्हतं, पण माझं कारण ते नव्हतंच. पाचही डबे मी भरून दिले होते. शेवटच्या खोलीतलीला ठिपके मी शिकवले होते. आसरा बाजूला झाल्या की त्यांच्या जागी मी उभी राहणार होते. ओळीतल्या बाया माझ्याकडे कशा पाहतील हे मला मोटरसायकलवरच दिसलं, आणि मी घाबरले. एवढंच. माझ्यासारखी तोंडाळ बाई घाबरली.

घरी आल्यावर मी पहिलं काम काय केलं, तर माझा डबा मागे बाभळींत नेऊन रिकामा केला आणि वर माती ओढली. हात तीनदा साबणाने धुतले. कोबा धुतला. शेजारीण ओट्यावरून बघत होती. “आज काय दिवाळी हाय का ताई?” म्हणाली. मग विचारलं, “पावडर संपली व्हय? पुढची आनली की मला बी ठिवा.”

“आता येणार नाही म्हणतात.”

“आसू द्या. माज्याकडं हायेत अजून दोन डबे. बाळ हुईस्तवर पुरतील.”

मी घरात गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माहेरी निघाले. दार उघडलं तर माझ्या उंबऱ्यापुढे भलीमोठी रांगोळी. पाळणा काढला होता, त्याला चार दोऱ्या, आत कुंची घातलेलं बाळ. मी शिकवलेलं काहीच नव्हतं त्यात. तिने तिच्या मनाने काढलं होतं. ती हसत उभी होती, पाचही बोटं पांढरी. तिने त्याच बोटांनी मला हळदीकुंकू लावलं, माझी ओटी भरली, आणि हातावर साखर ठेवली. “त्वांड गोड करून जा ताई. सुखरूप या.”

मी साखर मुठीत धरली. रांगोळी ओलांडून गेले. एसटी स्टँडवर उभं राहून मूठ उघडली, साखर खाली टाकली आणि हात पदराला पुसला. तिच्या हातचं मला खायचं नव्हतं इतकं मला कळत होतं. त्याच हातांनी ती दुपारी स्वतः भाकरी खाणार, हेही कळत होतं.

घोडेगावला वडिलांनी विकायला आणलेली म्हैस माझ्यासाठी ठेवून घेतली. दूध, दही, गोळ्या. घर गजबजलेलं, जनावरं हंबरतायत, भावाची पोरं आरडाओरडा करतायत. पण दुपारी अंगण सारवून वाळायला लागलं की मी तिथे थांबत नसे. पावलं उमटतील असं वाटायचं. उमटली कधीच नाहीत.

शेजारणीचा दर गुरुवारी फोन यायचा. “फिरतंय का वो? माजं लई फिरतंय. पोरगंच हाय बगा, लाता मारतंय.” दर वेळी मी ठरवायचे, आज सांगायचं. आठ दिवस केव्हाच उलटले होते, नवऱ्याची बदलीही झाली होती. एकदा ती म्हणाली, “आसरा निवल्यात ताई. मी आता रोज घालती रांगोळी. दारात, चुलीम्होरं, आन् निजते तितं हातरुनाभवती बी. कुनाची बादा हुयाची न्हाई.”

“अगं, घरात नको काढूस,” मी म्हणाले.

“का वो?”

तोंडाशी आलेलं मी गिळलं. “मुंग्या येतात,” मी म्हणाले.

ती खळखळून हसली. “ह्या रांगोळीला मुंगी शिवत न्हाई. मी बगितलंय.”

त्यानंतर दोन गुरुवार फोन आला नाही. तिसऱ्या गुरुवारी मी लावला. तिच्या नवऱ्याने उचलला. “सातव्यात गेलं,” तो म्हणाला. “पोरगा हुता.” मागून पत्रा वाजल्याचा आवाज आला. मग त्यानेच विचारलं, “तुमचं बरं हाय न्हवं?”

माझी मुलगी दिवस भरून झाली. वजन कमी होतं, पण रडली चांगली. आज ती चौथीत आहे. गोड आहे, माझ्यासारखीच उलट बोलते. पाढे तिच्या लक्षात राहत नाहीत. बाई म्हणतात, काही मुलं उशिरा शिकतात. असेल तसंही. पण दात घासलेत का बघते म्हणून मी रोज तिचा ओठ खाली करून पाहते, आणि ती वैतागते. माझ्या हाडांत ते अजून आहे. पाऊस-पाण्याचे दिवस आले की मनगटं दुखतात, तेव्हा ते मला आत कळतं. नवरा पॅकिंगलाही फार टिकला नाही. औषधांनी रंग माणसासारखा झाला, हात बराचसा उचलतो, आता छोटा टेम्पो चालवतो. कारखान्यात म्हणे पावडर बदलली.

मुलगी तीन महिन्यांची असताना आम्ही खोली रिकामी करायला गेलो. मिक्सिंगमधल्या पुरुषांना माझ्या नवऱ्याने तोवर सांगितलं होतं, की ती पावडर वाईट, दुसरं काम बघा. त्यांनी ते कामाचं म्हणून ऐकलं. रांगोळीचं कुणीच घरी बोललं नव्हतं. चार दारांत ती तशीच होती.

शेजारीण ओट्यावर बसली होती. वाळली होती, राखेचा तो रंग तिच्या गालांवर आला होता. मला पाहून उठली आणि आधी मुलीला मागितलं. मी दिली. तिने तिला छातीशी धरलं, टाळूचा वास घेतला. “तुमच्यासारखंच नाक हाय,” म्हणाली. मग म्हणाली, “माज्याकडनंच चुकलं ताई. पूजेच्या दिशी शेवटच्या बाईपुढं निवद ठिवताना माजा पदर डोक्यावरनं पडला हुता. तवाच मला वाटलं हुतं. तिनं डूक धरला.”

चार महिने ती हे उराशी धरून बसली होती.

मग मी सांगितलं. उभ्या उभ्या, डॉक्टरने सांगितलं त्या क्रमाने. पावडरीत काय असतं, ते रक्तात कसं जातं, पोटातल्या बाळाला कसं लागतं. कोंबड्यांचं, मांजराचं. दहीभाताचं. तुझा पदर पडला म्हणून काही झालेलं नाही, हे मी दोनदा म्हणाले. ती डोळे न हलवता ऐकत होती. मुलगी तिच्या हातात झोपली होती. भर दुपार होती आणि ओळीत कुणाचा आवाज नव्हता.

“मंजे आसरा न्हवत्या,” ती म्हणाली.

“नव्हत्या.”

“तुमास्नी डाक्टरनं कवा सांगितलं?”

मला खोटं बोलता आलं असतं. बाळंतपणानंतर कळलं म्हणाले असते तर तिने मानलं असतं. “तू माझी ओटी भरलीस, त्याच्या आदल्या दिवशी,” मी म्हणाले.

तिने मनाशी महिने मोजले. ओठ हलताना मला दिसले. तिच्या हातांची पकड माझ्या मुलीभोवती घट्ट झाली, आणि एक क्षण मला वाटलं, ही आता देत नाही. मी हात पुढे केले, पण मागायला तोंड उघडेना. कुठल्या तोंडाने मागणार होते?

ती चार पावलं चालत आली. मुलगी माझ्या हातात दिली, जपून, मानेखाली हात धरून. तिच्या टोपीची सुटलेली नाडी हनुवटीखाली बांधली. “कान झाका तिचे,” म्हणाली. “वारं लई हाय.” आणि आपल्या खोलीत जाऊन तिने दार लावून घेतलं.

त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही. दोन-तीनदा फोन केला, उचलला नाही. पुढे ती दोघं पाथर्डीला परत गेली आणि आता पुन्हा ऊसतोडीला जातात, असं कळलं. तिला पुढे मूल झालं की नाही, मला माहीत नाही. तिने त्या दिवशी मला शिव्या घातल्या असत्या, माझ्या झिंज्या उपटल्या असत्या, तर मी तेवढ्याच तोंडाने भांडले असते, आणि कदाचित सुटले असते.